पोरांवालं जहाज आणि बिनापोरांचं जहाज

बुऱ्हाणपुरात 'केवळ प्रौढांसाठी' हे शब्द एकाच ठिकाणी वाचायला मिळायचे, सिनेमाच्या पोस्टरवर. त्यामुळे शनवाऱ्यातल्या माझ्या छोट्या ऑफिसात बसून मी जेव्हा गिऱ्हाइकाला सांगायची की एक जहाज असंही आहे ज्यावर अठरा वर्षांखालच्या कुणाला घेत नाहीत, तेव्हा समोरचा माणूस आधी बायकोकडे बघायचा आणि मग दाराकडे. एका निवृत्त प्राध्यापकांनी तर आवाज खाली आणून विचारलं होतं, "ताई, मतलब... त्यात काय काय असतं?"

"पुस्तकं असतात सर. लोक वाचत बसतात."

त्यांचा चेहरा उतरला. बुकिंग काही त्यांनी केलं नाही.

मी आयुष्यभर लोकांना कुठे कुठे पाठवलं. रेल्वेची रिझर्वेशनं, चारधामच्या बसगाड्या, मग दुबई, मग सिंगापूर, आणि शेवटची काही वर्षं ही जहाजं. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे तापी. समुद्र बघितलेली माणसं मोजकी, त्यामुळे जहाज विकायचं म्हणजे अगदी पायापासून समजवावं लागे. मी सांगायची, हे एक हॉटेल आहे, फक्त ते चालतं. तुम्ही संध्याकाळी एका गावी चढता, सकाळी उठता तेव्हा खिडकीत दुसरं गाव असतं. सामान एकदाच उघडायचं. जेवण भाड्यात. खोलीला केबिन म्हणतात, ती आपल्या घरातल्या मोरीपेक्षा मोठी आणि देवघरापेक्षा जरा लांब असते. चार माणसांची केबिन असेल तर दोन पलंग खाली आणि दोन छतात दुमडलेले. रात्री केबिनवाला येतो, वरचे पलंग खाली ओढतो आणि शिडी लावून जातो.

एका कापूसवाल्या शेठजींना उंचीची भीती होती. त्यांनी हट्टानं सगळ्यात खालचा मजला मागितला. तिथे खिडकी नसते, मी पुन्हा पुन्हा सांगितलं. परत आल्यावर म्हणाले, "एकदम बढिया होतं ताई. आमच्या तळघरासारखं. समुद्र दिसलाच नाही, त्यामुळे भीतीही वाटली नाही."

मी जी दोन प्रकारची जहाजं विकायची, त्यांची नावं बुऱ्हाणपुरात कुणाला घेता यायची नाहीत. म्हणून आमच्या ऑफिसात एक होतं पोरांवालं आणि दुसरं बिनापोरांचं. दोन्हींवर मी ग्रुप घेऊन गेलेली आहे, तेव्हा ऐकीव सांगत नाही.

पोरांवालं म्हणजे तरंगती जत्रा. छतावर घसरगुंड्या, हौदात सतत किंचाळ्या, जेवणघरात दर पाच मिनिटांनी कुणाचा तरी वाढदिवस. आई-बापांना मोकळीक मिळावी म्हणून मुलांसाठी खेळघर असतं, पण आपली मुलं तिथे टिकत नाहीत. तासाभरात रडत बाहेर येतात, आणि मग आजीला शोधलं जातं. मी हे प्रत्येक फेरीत पाहिलंय. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबाबरोबर आलेली आजी जहाजावरही आजीच असते. तिला समुद्र दिसतो तो नातवाच्या मागे धावताना, तुकड्यातुकड्यानं.

बिनापोरांचं जहाज आकारानं लहान. तिथे वाचनालय मोठं, पियानो संध्याकाळभर वाजतो, जेवण दोन दोन तास चालतं. माणसं पुन्हा पुन्हा तीच येतात, वेटरला त्यांच्या गोळ्यांच्या वेळासुद्धा माहीत. दोष नाही असं नाही. जेवणाच्या टेबलावर गुडघे, मोतीबिंदू आणि बायपास यांच्यापलीकडे गप्पा जात नाहीत. तिसऱ्या दिवशी मला एखादं पोर रडलं तर बरं होईल असं वाटायला लागलं होतं. पण माझी घरची गोष्ट वेगळी. माझ्या घरी जोजवायला कधी कुणी नव्हतंच.

या दोन्ही जहाजांच्या कंपन्या आधी वेगळ्या होत्या. मग एका मालकानं दोन्ही घेतल्या आणि त्यांचं एकत्रीकरण सुरू झालं. ती दोन-तीन वर्षं आम्हा एजंटांच्या डोक्याला ताप होती. दोन ऑफिसं एक झाली, दोन कॉम्प्युटर एक झाले, आणि एकाचं दुसऱ्याला कळेना. जैन जेवण सांगितलं की ते भलत्याच जहाजावर पोचायचं. फोन केला की तिकडची मुलगी म्हणायची, "मॅम, इंटिग्रेशन चल रहा है." आमच्या ऑफिसात तर काही बिघडलं, नळ गेला, पंखा बंद पडला, की आम्ही म्हणायचो, इंटिग्रेशन चालू आहे.

त्याच दिवसांत एका दुपारी इंदूमावशी महाजन जसोंडीहून एकट्या आल्या.

इंदूमावशींना मी ओळखत होते, कारण त्यांचा मुलगा किशोर हा माझं मोठं गिऱ्हाईक. केळीचा व्यापारी, स्वभावानं चांगला, आईला जीव लावणारा. त्यानं आठवड्यापूर्वीच सगळ्या घराचं पोरांवाल्या जहाजाचं बुकिंग केलं होतं. तो, बायको मनीषा, चार वर्षांची जुळी मुलं, भाऊ, भावजय, त्यांची पोरं, आणि आई. शिवाय मावशींना सोबत म्हणून सरोजताई, म्हणजे त्यांची नणंद. सरोजताई खकनारच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, खणखणीत बोलणाऱ्या.

मावशी खुर्चीत बसल्या. पदरानं घाम पुसला. मी पाणी दिलं, ते पूर्ण प्यायल्या.

"नलू, तुझ्याकडे दुसरं जहाज आहे म्हणे. पोरं नसतात ते."

"आहे मावशी. पण तुमचं तर सगळ्यांबरोबर झालंय ना?"

"किशोरनं केलंय. मी नाई केलं."

त्याच पुढे बोलल्या. "माझे तीन, दिराचे दोन, मग ही नातवंडं. मी पंधराव्या वर्षी या घरात आले तेव्हापासून माझ्या कमरेवर कुणी ना कुणी बसेल आहे. मले पोरांचा राग नाई. जीव आहे माझा त्यांच्यात. पण मले एकदा पाहायचंय, कमरेवर कुणी नसलं तर मी कशी चालते."

त्यांनी हे हसत सांगितलं नाही आणि रडतही नाही. भाजीवाल्याला काय पाहिजे ते सांगतात तसं सांगितलं.

पैसे त्यांचे स्वतःचे होते, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. योगायोग असा की किशोरच्या जहाजाच्याच दिवशी, सिंगापूरच्या त्याच बंदरातून बिनापोरांचं जहाजही निघणार होतं, आणि दोन्ही परतही एकाच दिवशी येणार होती. मी मावशींची आणि सरोजताईंची नावं पोरांवाल्यावरून काढून तिकडे घातली.

दुसऱ्या दिवशी किशोर ऑफिसात. बसलाच नाही.

"ताई, हे तुम्हीच भरवलं तिच्या डोक्यात."

"मी फक्त बुकिंग केलं किशोरभाऊ."

"लोग क्या बोलेंगे? पोरगा एका जहाजात, आई दुसऱ्या! आणि ते पण अडल्टवालं!"

मी त्याला त्या जहाजाचा दिवसभराचा कार्यक्रम दाखवला. सकाळी योगासनं, मग व्याख्यान, मग चहा, मग पियानो. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "हे तर तिला घरीच देतो मी. आणि जुळ्यांना कोण बघणार? मनीषाला जरा आराम पाहिजे का नाही? तिच्यासाठीच तर चाललोय."

"मनीषालाही पाहिजेच. पण ते मावशींना विचारलं होतं का तुम्ही?"

"आईला काय विचारायचं? ती नाही म्हणतच नाही कधी."

"आता म्हटलंय," मी म्हटलं.

तो निघून गेला. मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं असं मला वाटलं. पण दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "जे आहे ते राहू द्या," एवढंच. सरोजताईंनी जसोंडीला जाऊन भाच्याला काय सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही.

निघायच्या थोडे दिवस आधी पक्की तिकिटं आली, आणि मी हादरले. मावशी आणि सरोजताई पोरांवाल्या जहाजावर होत्या. एवढंच नाही, चार पलंगांच्या केबिनमध्ये, जुळ्यांबरोबर. नव्या एकत्र कॉम्प्युटरनं एकच आडनाव आणि बुकिंगचा एकच फोन पाहिला, आणि मोठ्या मायेनं सगळं कुटुंब एका जागी आणून ठेवलं.

मी कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. तिथली मुलगी रोहिणी माझ्या ओळखीची होती. बिचारी रडकुंडीला आलेली. "ताई, चूक आमचीच आहे. पण ते जहाज आता फुल्ल आहे. पैसे परत देते."

"पैसे नको आहेत. वेटिंगला घाल."

"वेटिंग कधीच उघडत नाही ताई."

"तरी घाल."

किशोरला सांगितलं तेव्हा तो खरंच आनंदला. लपवलंही नाही. "बघा ताई, देवाच्याच मनात होतं." मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "वेटिंग म्हंजे आपल्या रेल्वेसारखं?"

"तसंच."

"मग शेवटपर्यंत नाई सांगता येत," त्या म्हणाल्या, आणि बॅग भरायला लागल्या.

किशोरच्या कुटुंबाबरोबर आणखी चार-पाच घरं होती, म्हणून ग्रुपची म्होरकी म्हणून मी जाणारच होते. सिंगापूरच्या बंदरावर एक मोठा हॉल आहे. त्या दिवशी त्याच्या एका टोकाला फुगे, रडारड, ढकलगाड्या आणि लांबच लांब रांग. दुसऱ्या टोकाला पांढऱ्या केसांची शांत माणसं, कुणी काठी टेकून, कुणी पुस्तक उघडून. मधली जागा मोकळी. आमचे लोक आले तसे हमाल बॅगा घेऊन जायला लागले. मावशींनी स्वतःची बॅग दिली नाही. त्या मधल्या मोकळ्या जागेत एका बाकावर बॅगेला पाय लावून बसल्या. सरोजताई शेजारी.

मी पांढऱ्या केसांच्या टोकाला गेले. तिथे लिम नावाच्या सुपरवायझर बाई होत्या, मध्यम वयाच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी माझी नावं पाहिली आणि मान हलवली. जागा नाही. कुणी आलं नाही तर बघू.

मी परत आले. तिकडची रांग संपत आली होती. किशोर धावत आला.

"आई, चल. दार बंद करतील ते."

"तू हो पुढे. मी बसते."

"अगं, इकडची जागा नाही मिळाली नि तिकडचं जहाज गेलं तर?"

"तर मी नि सरू हे गाव बघू, नि घरी जाऊ."

"वहिनी, पक्कं ना?" सरोजताईंनी विचारलं.

"पक्कं."

किशोर माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा रागाचा नव्हता, भ्यालेला होता. परक्या देशात आईला बाकावर सोडून जहाजात चढायचं, हे त्याला सहन होणं शक्य नव्हतं. मलाही नव्हतं. मी विचार केला, ही बाई आपल्या शब्दावर इथवर आली आहे. ही चढल्याशिवाय मी चढणार नाही, मग ग्रुपनं काय म्हणायचं ते म्हणो.

तेवढ्यात लिमबाईंच्या टेबलाशी आवाज चढला. न्यूझीलंडची एक म्हातारी बाई होती, तिच्याबरोबर एक उंच मुलगी. मुलगी नातीण, सतरा वर्षांची. तिला अठरा पूर्ण होणार होती ती प्रवासात. आजीनं वाढदिवसाची भेट म्हणून हा प्रवास ठरवला होता आणि नियम नीट वाचला नव्हता. नियम असा की चढायच्या दिवशी अठरा पूर्ण हवीत. हे मी आधीही पाहिलं होतं, दर काही फेऱ्यांनी एखादं असं निघतंच. म्हातारी म्हणत होती, मग मला दुसऱ्या जहाजात जागा द्या. लिमबाई म्हणत होत्या, दुसरं फुल्ल आहे. म्हातारी टेबल सोडायला तयार नव्हती. नातीण लाजून लाल झाली होती.

मी एका आजीकडे पाहिलं, जिला नातीबरोबर जायचं होतं. मग बाकावरच्या आजीकडे.

लिमबाईंना मी म्हटलं, "यांच्या दोन जागा इकडे रिकाम्या होणार. माझ्या दोन बायकांच्या जागा तिकडे आहेत. दोनाला दोन. बदलून टाका."

"नाही होणार. ते वेगळं जहाज आहे. वेगळी यादी."

"कंपनी एक आहे ना आता?"

"आहे. पण सिस्टिम अजून..."

"बाई, तुमच्या सिस्टिमनं या दोघींना कुणाला न विचारता इकडून तिकडे टाकलं. आता तुम्ही विचारून तिकडून इकडे टाका. तिकडच्या काउंटरला फोन करा. एक झालात तर एकमेकांशी बोला तरी."

माझं इंग्रजी असं काही फार नाही. पण त्या दिवशी ते चाललं. लिमबाईंनी चष्मा खाली घेतला, स्क्रीन पाहिली आणि फोन उचलला. बराच वेळ बोलल्या. मग फोनवर हात ठेवून म्हणाल्या, "अडचण आहे. तिकडच्या केबिनमध्ये तुमच्या बायकांबरोबर दोन लहान मुलं आहेत. या परक्या बायकांना मी त्या मुलांबरोबर ठेवू शकत नाही. मुलं दुसरीकडे हलली तरच."

मला उत्तर माहीत होतं. किशोर-मनीषाच्या केबिनमध्ये छतात दोन पलंग दुमडलेले होते. ते ओढून खाली घेतले की झालं. पण ते सांगायचा अधिकार माझा नव्हता. मी किशोरला समजावलं, जुळी तुमच्या खोलीत आली तर मावशी इकडे जाऊ शकतात.

त्यानं मोबाईल पाहिला, दाराकडे पाहिलं. "ताई, वर्षभर मी मंडीत पहाटेपासून उभा असतो. आठ दिवस... फक्त आठ दिवस मला..."

मनीषा त्याच्या मागे उभी होती, एका पोराला खांद्यावर टाकून. सबंध प्रवासात तिचा आवाज मी जेमतेम ऐकला होता. ती मला म्हणाली, "ताई, त्यांना सांगा, पोरं आमच्या खोलीत टाका."

"अगं, पण तूच म्हणत होतीस ना..."

"हो. थकलेय मी. पण आपलीच आहेत ना पोरं?" मग ती बाकाजवळ गेली, वाकून सासूच्या पायांपाशी ठेवलेली बॅग उचलली आणि म्हणाली, "आई, उठा. तुमचं टेबल तिकडे आहे."

मावशी उठल्या. जुळ्यांपैकी एक त्यांच्या पदराला लटकला, त्याला त्यांनी सोडवलं, गालावरून हात फिरवला आणि मनीषाकडे दिला. मग सरोजताईंच्या हाताला धरून ती मोकळी जागा ओलांडून गेल्या. न्यूझीलंडची आजी आणि नातीण त्याच वेळी उलट्या बाजूनं आल्या. दोघी म्हाताऱ्या मधे एकमेकींसमोर थांबल्या. भाषा नव्हती. मावशींनी हात जोडले, तिनंही जोडले. दार बंद व्हायच्या जरा आधी मी आमच्या बाजूनं आत शिरले.

त्या आठ दिवसांत मी किशोरला पाहात होते. जेवणघरात त्याच्या दोन्ही मांड्यांवर दोन पोरं, ताट तसंच. घसरगुंडीखाली ओल्या टॉवेलसकट उभा. एका सकाळी गालावर ओरखडा होता, वरच्या पलंगावरून पोराला उतरवताना शिडी लागली म्हणे. मनीषा त्या वेळी डेकवर एकटी बसून समुद्राकडे बघत होती, म्हणून मी दुसऱ्या वाटेनं गेले.

परतीच्या दिवशी हॉलमध्ये आम्ही आधी पोचलो. मावशी आणि सरोजताई निवांत आल्या. सरोजताई म्हणाल्या, एका निवृत्त न्यायाधीशाशी त्यांचा तीन दिवस वाद चालला, आणि तो हरला. किशोरनं आईची बॅग घेतली.

"काय केलं आई आठ दिवस?"

"काही नाई."

"काही नाही म्हणजे?"

"बसले. चालले. निजले. एका बाईनं मले पत्ते शिकवले, तिची भाषा मले नाई आली, पण डाव आला." मग म्हणाल्या, "पहिले दोन दिवस अवघड गेलं रे. हात रिकामे कुठं ठेवायचे तेच कळेना."

यानंतर जसोंडी, डोईफोडिया, खकनार, कुठून कुठून बायका माझ्याकडे यायला लागल्या. 'इंदूमावशी गेली ते जहाज' असंच नाव पडलं होतं. ग्रुप होऊ लागले. बुकिंग घेताना नवरा समोर बसला असला तरी मी बायकोला वेगळं विचारायला शिकले, तुम्हाला कुठे जायचंय? निम्म्या बायका नवऱ्याकडे बघायच्या. उरलेल्या उत्तर द्यायच्या, आणि ती उत्तरं ऐकण्यासारखी असायची. हे मी धंद्याच्या सुरुवातीपासून का केलं नाही, याची रुखरुख राहिली आहे.

दुसऱ्या वर्षी केळीचा हंगाम संपता संपता मनीषा ऑफिसात आली. एकटी. खुर्चीच्या टोकावर बसली.

"ताई, त्या दुसऱ्या जहाजावर... म्हातारंच असावं लागतं का?"

"नाही गं. अठरा पूर्ण झालेली पाहिजेत."

"माझी झालीत," ती म्हणाली, आणि हसली. तिला मी एवढं मोकळं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. तिला तिच्या शाळेतल्या मैत्रिणीबरोबर जायचं होतं.

"आणि जुळी?"

"आईंना विचारलं. म्हणाल्या, मी बघते."

मी पेन हातातच ठेवून तिच्याकडे पाहिलं. तिला माझा प्रश्न कळला असावा. तिनं पर्समधून मोबाईल काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडे पोरांचा गोंधळ ऐकू येत होता, आणि त्याच्यावरून मावशींचा आवाज.

"हां नलू, लिही तिचं नाव. मी हो म्हटलंय. या वेळी मले विचारलं होतं."